खांद्यानं लिहिणारे खांबेटेजी

खांबेटेजी ऑफिसात आले की आधी हात धुवायचे. घरून अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, रामबागेतून पायी चालत यायचे. तरी टेबलाशी बसण्याआधी व्हरांड्यातल्या माठाजवळ जाऊन मनगटापर्यंत दोन्ही हात धुवायचे, पंच्यानं बोटन् बोट पुसायचे आणि मग उजवा हात टेबलावर पालथा ठेवून मिनिट-दोन मिनिटं नुसते बसून राहायचे. तेवढ्यात कुणी कागद घेऊन आलं तर शिपाई दारातच अडवायचा. "ठहरो भिया, अभी हाथ नहीं आया." मग खांबेटेजी एकदम मान वर करून म्हणायचे, "आला. बोला, काय आहे?"

ते नक्कलनवीस होते. होळकर सरकारच्या वेळेपासून महत्त्वाच्या कागदांची स्वच्छ प्रत काढायचं काम त्यांचं. मोडी, बाळबोध, इंग्रजी, तिन्ही अक्षरं अशी की कागद वाचायच्या आधी माणूस नुसता बघत बसे. संस्थान गेलं, मध्यभारत आलं, राजधानी थंडीत ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदुरात अशी ये-जा करू लागली. आमची शाखा मात्र इंदुरातच राहिली, आणि तिच्या खिडकीशी खांबेटेजी राहिले. पन्नाशीचे, बुटके, गोल चेहऱ्याचे, कानावर बोरू. घाईनं काम मागणाऱ्याला त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "हळू घ्या. कागद कुठं पळून नाही चालला."

मी त्या ऑफिसात गेले ती टायपिस्ट म्हणून. ऑफिसातली पहिली बाई, आणि वर माझ्यासोबत आलेलं ते काळं मशीन. नक्कलशाखेतल्या लोकांना आम्हां दोघींचं येणं आवडलं नव्हतं, आणि त्यांचं काही चुकत होतं असं नाही. मशीन दिवसाला जेवढे कागद काढायचं, तेवढे तिघं नक्कलनवीस मिळून काढत नसत. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी खांबेटेजी स्वतःची खुर्ची उचलून माझ्या टेबलापाशी आले.

"सुमनबाई, एक ओळ मारून दाखवता?"

मी मारली. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, तिरपा करून पाहिला.

"वा! क्या बात है. हिची ओळ माझ्यापेक्षा सरळ आहे." मग कागद खाली ठेवत म्हणाले, "मगर सगळ्यांशी एकाच आवाजात बोलते. कलेक्टरला पण तेच अक्षर, चपराशाला पण तेच."

"आणि तुमचं?"

"माझं पण तेच आहे हो. मी फक्त नाटक करतो."

मी हसले. ऑफिसात आल्यापासून पहिल्यांदाच. मग त्यांनी मला दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि विचारलं, "आता न बघता सांगा, तुमच्या मशीनवर 'बी' कुठं आहे?"

मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. दिवसातून हजार वेळा मी ते अक्षर मारत असेन, पण कुठल्या ओळीत, कुणाच्या शेजारी, काही सांगता येईना. तेवढ्यात मांडीवर माझी डाव्या हाताची तर्जनी आपोआप खाली सरकली. खांबेटेजींनी ते पाहिलं आणि टाळीच वाजवली. "बघा! तुम्हाला नाही माहीत, तिला माहीत आहे!"

पुढचा आठवडाभर ऑफिसात दुसरा विषय नव्हता. खांबेटेजी ज्याला त्याला धरून विचारत. धोतराची पहिली निरी कुठल्या बोटावर घेता? सायकलवरून उतरताना आधी ब्रेक की आधी पाय? कुणालाच सांगता येईना, सगळे हवेत हात हलवून बघत. मीही मग त्यांना विचारलं, "तुम्ही 'ळ' ची गाठ वरून घेता की खालून?" त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, शेवटी हवेत 'ळ' काढला आणि स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाले, "अरे, हा तर खालून घेतो! तीस वर्षं झाली, मला सांगितलं नाही यानं."

हे मी एवढं तपशिलानं सांगतेय, कारण पुढं मला त्या प्रश्नाची फार भीती वाटत राहिली.

दिवाळीनंतरची गोष्ट. एका नेमणुकीच्या हुकमाची प्रत ते काढत होते. अर्ध्या ओळीत त्यांचा टाक एकदम कागदातून आरपार गेला. त्यांनी कागद बदलला. पुन्हा तेच. मी पाहिलं तर त्यांचं मनगट आतल्या बाजूला वाकलं होतं, अंगठा टाकावर रुतला होता आणि तर्जनी टाक सोडून वर उभी राहिली होती, जणू दुसऱ्याच कुणाची आहे. त्यांनी डाव्या हातानं ती खाली बसवली. ती पुन्हा उठली.

दुसऱ्या दिवशी टाकाला चिंधी गुंडाळून जाड करून आणला. मग मनगटाला पट्टी बांधली. काकू, म्हणजे त्यांची बायको, रोज तिळाचं तेल चोळून शेक द्यायच्या. काही उपयोग नाही. आणि गंमत अशी की बाकी सगळं तो हात करायचा. सदऱ्याची बटणं लावायचा, सुपारी कातरायचा, सुईत दोरा ओवायचा, पोहे खाताना एक शेव खाली पडू द्यायचा नाही. फक्त लिहायला बसलं की बोटं आवळायची. 'राजश्री' मधला 'रा' लिहीपर्यंत घाम फुटायचा.

"माझ्यामुळं झालं का हो?" एक दिवस मी धीर करून विचारलं. "मी तो 'ळ' विचारला म्हणून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, हो म्हणणार. ते म्हणाले, "सुमनबाई, 'ळ' ने असं काही होत असतं तर मास्तर लोक सगळे लुळे झाले असते."

त्यांचे कागद मी गुपचूप टाइप करू लागले. महिनाभर निभावलं. पण डब्याच्या सुट्टीत व्हरांड्यात कॅरम चालायचा आणि खांबेटेजी तिथले राजे होते. एक दिवस त्यांनी दोन सोंगट्या मारून राणी घेतली आणि वर बघतात तो समोर सुपरिंटेंडेंट सक्सेनासाहेब उभे. साहेब वाईट माणूस नव्हते. ग्वाल्हेरहून बदलून आले होते, आणि होळकरांच्या वेळचे लोक काम कमी करतात असं त्यांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं.

"खांबेटेजी, कलम नहीं चलती और स्ट्राइकर चलता है?"

खांबेटेजी उठून उभे राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "साहब, यही तो मैं भी पूछ रहा हूँ."

साहेबांना तो उर्मटपणा वाटला. दुसऱ्या दिवशी मेमो आला. महिन्याच्या आत डॉक्टरचा दाखला आणा, नाहीतर कामचुकारपणाबद्दल कारवाई होईल. तो मेमो मीच टाइप केला होता. खांबेटेजींनी तो वाचला, घडी केली आणि मला म्हणाले, "मार्जिन चांगला सोडलाय." त्या दिवशी जाताना ते पंचा खुर्चीवरच विसरले.

मेडिकल कॉलेजात एक तरुण डॉक्टर होते, व्यास म्हणून. माझ्या वडिलांची त्यांच्याशी ओळख होती. म्हणून मी, काकू आणि खांबेटेजी असे तिघं तिथं गेलो. आधीच्या दोन डॉक्टरांनी हात दाबून, ओढून पाहिला होता. एकानं संधिवात सांगितला, दुसऱ्यानं मनाचा कमकुवतपणा. डॉक्टर व्यासांनी हाताला हातही लावला नाही. त्यांनी चहा मागवला.

"साखर ढवळा," ते म्हणाले आणि चमच्याऐवजी पेन्सिल पुढं केली. खांबेटेजींनी पेन्सिलीनं चहा ढवळला. बोटं शहाण्यासारखी वागली. डॉक्टरांनी तीच पेन्सिल पुसून कागद पुढं सरकवला. "आता लिहा." पेन्सिल कागदाला टेकायच्या आधीच मनगट वळलं आणि तर्जनी उभी राहिली.

"पेन्सिल तीच, हात तोच," काकू म्हणाल्या, "मग बिघडलंय कुठं?"

डॉक्टरांनी स्वतःच्या डोक्यावर टिचकी मारली. काकूंचा चेहरा पडला. ते घाईनं म्हणाले, "वेड नाही हो! समजावतो. हात आपल्या मनानं काही करत नाही. हुकूम वरून येतो. पण एका कामाचा एकच हुकूम नसतो. मेंदूत कितीतरी जागा मिळून ठरवतात, कुठलं बोट आवळायचं, कुठलं सोडायचं, आणि ते खाली पाठवतात. बटणाचा रस्ता वेगळा, सुपारीचा वेगळा, लिहिण्याचा वेगळा. यांनी लिहिण्याचा रस्ता तीस वर्षं इतका वापरला की आता त्यात गडबड झालीय. आवळायचा आणि सोडायचा, दोन्ही हुकूम एकदम पोचतात. बोटं बिचारी दोन्ही पाळतात."

"म्हणजे दोन साहेब," खांबेटेजी म्हणाले, "आणि एकच चपराशी."

"अगदी तसंच," डॉक्टर हसले. "पण हे सगळं मी सांगतोय ते पुस्तकातल्या एका बाजूचं आहे. दुसरी बाजू म्हणते, सगळे मनाचे खेळ. मला ते पटत नाही. तुमच्याकडे बघून तर मुळीच नाही."

"आणि कुणी विचारलं म्हणून असं होतं का?" मी मध्येच बोलले. "म्हणजे अक्षर कसं काढता, असं?"

"छे! सुरुवात फार आधी झाली असणार. तुम्ही विचारलंत तेव्हा सगळं आत शिजत होतं." माझ्या छातीवरचा दगड त्या दिवशी उतरला.

औषध मात्र नव्हतं. डॉक्टरांनी ते सरळ सांगितलं. काकूंनी पदर डोळ्याला लावला. खांबेटेजी म्हणाले, "ठीक आहे," आणि उठले. दारापर्यंत गेल्यावर डॉक्टरांना काहीतरी सुचलं. "खांबेटेजी, पाच मिनिटं. या माझ्याबरोबर."

शेजारी लेक्चरचा हॉल होता, रिकामा. भिंतभर काळा फळा. डॉक्टरांनी खडू त्यांच्या हातात दिला. "मनगट टेकवू नका. बोटं विसरून जा. पूर्ण हात खांद्यातून फिरवा आणि जेवढं मोठं काढता येईल तेवढं काढा."

खांबेटेजींनी खडू धरला. मला त्यांचा हात बघवेना. मी काकूंकडे बघत राहिले. काकू फळ्याकडे बघत होत्या आणि हळूहळू त्यांचं तोंड उघडत गेलं. मी वळून पाहिलं. फळ्यावर हातभर उंचीचा 'श्री' उभा होता. न थरथरलेला, वळणदार, तोच तो, ऑफिसातल्या प्रत्येक कागदावर असायचा तो, फक्त चारशे पट मोठा.

खांबेटेजींनी खडूकडे बघितलं, खांद्याकडे बघितलं आणि पुन्हा हात उचलला. मग ते थांबेचनात. बाळबोध झाली, मोडी सुरू झाली. डावीकडून उजवीकडे पळत होते, पुन्हा डावीकडे येत होते, उडी मारून वरच्या ओळीला हात पोचवत होते. दरबारचे सगळे जुने मायने त्यांनी फळ्यावर उतरवले. लेक्चरची वेळ झाली, पोरं येऊन बाकांवर बसली, त्यांना वाटलं नवीन प्रोफेसर आहेत. दोघा-तिघांनी वह्या काढून उतरवायलाही घेतलं. फळा संपला तेव्हा खांबेटेजी खडूनं पांढरे झाले होते आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवत होता. त्यातल्या एकालाही मोडी येत नव्हती.

डॉक्टरांनी दाखला दिला. त्यात कामचुकार हा शब्द खोडणारं वाक्य होतं, आणि हा माणूस कागदावर लिहू शकणार नाही असं दुसरं. सक्सेनासाहेबांनी तो दोनदा वाचला, खांबेटेजींना बोलावून स्वतः खुर्ची दिली, "मुझसे गलती हुई," म्हणाले. पण नियम असा की लिहिता येत नाही तो नक्कलनवीस राहू शकत नाही. वेळेआधी पेन्शन घेण्याचा अर्ज मीच टाइप केला. खाली सहीची जागा सोडली, दोन बोटांची.

तिथंच अडलं. सही होईना. हेडक्लार्क पुढं झाला, शाईचा पॅड सरकवून म्हणाला, "अंगूठा लगा दीजिए. चलता है."

अख्खी शाखा खुर्च्या सोडून उभी राहिली. ज्या माणसाच्या अक्षराचे नमुने नव्या उमेदवारांना गिरवायला देत, त्याचा अंगठा. शिपाई भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी पॅडचं झाकण बंद केलं. हे धाडस माझ्यात कुठून आलं कोण जाणे.

खांबेटेजी शांत होते. "टाचण्या आहेत?" त्यांनी विचारलं. अर्ज घेऊन ते लाकडी कपाटापाशी गेले. दारावर, डोळ्यांच्या उंचीला, चारी कोपऱ्यांना टाचण्या लावून तो ताणून बसवला. माझ्याकडून लाल-निळी जाड पेन्सिल घेतली, कोपर मोकळं केलं, हातभर मागं उभे राहिले आणि खांद्यातून सही केली. ती सहीच्या जागेतून निघाली, मजकुरावरून वर गेली, तारखेला वळसा घालून खाली आली आणि शेवटची रेघ अर्ज सोडून कपाटाच्या दारावर वीतभर गेली.

हेडक्लार्क म्हणाला, "साहब, ये तो पूरे कागज पर है."

सक्सेनासाहेबांनी अर्ज काढून घेतला, निळ्या रेघांमधून मजकूर वाचायचा प्रयत्न केला आणि हसू दाबत म्हणाले, "दस्तखत है न? नियम में साइज कहाँ लिखा है?" कपाटावरची रेघ त्यांनी पुसू दिली नाही.

पेन्शनीत निघालेले लोक घरी बसतात, खांबेटेजी तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी सियागंजच्या बाजारात खिळे आणायला गेले. तिथं हातिमभाई नावाचे बोहरी व्यापारी होते, लोखंडाच्या सामानाचे. दुकानावरची पाटी उन्हानं उडाली होती आणि पेंटर आठ दिवस फिरकला नव्हता. खांबेटेजी म्हणाले, "मैं लिख दूँ?" हातिमभाईंनी धोतर, कोट, टोपी असं सगळं बघितलं आणि म्हणाले, "आप? आप तो दफ्तर वाले लगते हो."

"था. अब कंधे वाला हूँ."

काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अबोला धरला. मी भेटायला गेले तर मला म्हणाल्या, "दरबारच्या नोकरीतला माणूस, सुमन! शिडीवर चढून दुकानाच्या पाट्या रंगवणार? लोक काय म्हणतील?" आतून खांबेटेजींचा आवाज आला, "लोक वाचतील!" काकूंना हसू आवरेना. अबोला तिथंच सुटला. पुढं रंग कालवायचं काम त्यांनीच घेतलं. कढीला बेसन कालवावं तसा, गाठ राहू न देता. जवसाचं तेल किती आणि रंग किती, हे त्यांच्याइतकं कुणालाच जमत नसे.

अडचण एकच होती. खांबेटेजींचं अक्षर वीतभरापेक्षा लहान होत नसे. लहान करायला गेलं की बोटं जागी व्हायची आणि तर्जनी उठायची. हातिमभाईंना पाटीवर खिळे, तार, कुलपं, पत्रे, बिजागरी सगळं हवं होतं, आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं आणि दोन्ही भावांचं नाव.

"बारीक नहीं मिलेगा," खांबेटेजी घाऊक व्यापाऱ्याच्या थाटात म्हणाले. "मेरे पास थोक माल है."

शेवटी हातिमभाईंनी पाटीच मोठी केली. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती इतकी देखणी झाली की शेजारच्या मसालेवाल्याला आपली पाटी केविलवाणी दिसू लागली. त्यानं आणखी मोठी करवली. मग पलीकडच्या दोरखंडवाल्यानं. वर्ष-दीड वर्षात सियागंजातली एक अख्खी ओळ खांबेटेजींच्या अक्षरात बोलू लागली. लालबागेत जत्रा भरायची तेव्हा कमानीवरचा मजकूरही त्यांनीच काढला. एका मिठाईवाल्याशी मात्र त्यांचं भांडण झालं. 'शुद्ध' मधला 'द्ध' खांबेटेजींना जमणार नाही असं त्याला वाटत होतं, म्हणून तो म्हणाला 'सुद' लिहा, चालेल. खांबेटेजी शिडीवरून खाली उतरले, डबा उचलला आणि निघाले. मिठाईवाला अर्धी गल्ली त्यांच्यामागं आला, हातात जिलबीचा पुडा घेऊन. 'शुद्ध' शुद्धच लिहिलं गेलं.

डॉक्टर व्यास अधूनमधून त्यांच्या घरी येत, पेन्सिल देऊन बघत. हात कधी सुधारला नाही. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का?" खांबेटेजी चक्क विचारात पडले. म्हणाले, "पत्र लिहिता येत नाही, एवढं वाटतं. बहीण आहे ना देवासला, तिला माझं अक्षर बघितल्याशिवाय खुशाली खरी वाटत नाही. मग मागच्या महिन्यात तिला इथं आणलं आणि सियागंजातून फिरवलं. म्हणाली, दादा, आता पुरे झाली खुशाली."

मध्यभारत संपलं, राजधानी भोपाळला गेली आणि ऑफिसबरोबर मीही गेले. निरोप घ्यायला जाणं झालं नाही. ट्रक भरायचे, फायली मोजायच्या, त्यात आठवडा गेला. दोन-अडीच वर्षांनी धाकट्या बहिणीच्या लग्नाला इंदूरला आले. स्टेशनवरून टांगा केला. सियागंजापाशी हातगाड्यांची कोंडी झाली आणि टांगा थांबला.

समोर एक नवं तीन मजली गोदाम उभं राहिलं होतं. त्याच्या माथ्याशी बांबूंची परांची बांधलेली होती आणि त्यावर खांबेटेजी उभे होते. कोट नव्हता, टोपी नव्हती, धोतराचा काचा मारलेला. माणसाच्या उंचीचा 'ह' काढत होते. ब्रश वरून निघाला, पोटाशी वळला, खाली येऊन पुन्हा आत गेला, एका दमात. मला हाक मारावीशी वाटली, पण अक्षर अर्धं होतं. मी थांबले. अक्षर पुरं झालं आणि हाक मारणार तोच समोरच्या हातगाड्या हलल्या, टांगेवाल्यानं लगाम सैल केला.

मी मागं वळून बघत राहिले. खांबेटेजींनी ब्रश दातांत धरला, डाव्या हातानं बांबू पकडला आणि रेघ सरळ आली की नाही ते बघायला अख्खं अंग मागं, रस्त्यावर झोकून दिलं. खाली हातिमभाई उभे होते. ते घाबरून ओरडले, "अरे खांबेटेजी, गिर जाओगे!"

ब्रश तोंडातून काढून ते वरून ओरडले, "मुझे क्या देखते हो? बोर्ड देखो, बोर्ड!" आणि आणखी जरासे मागं झुकले.